पांढरी मुळी



अध्यक्षानं आधी आपली अपात्रता सांगायची असते. ती तुम्ही धरूनच चाला, म्हणजे तेवढी मिनिटं वाचतील.

जड धातू आणि पिकांची मुळं हा आपला विषय. माझं यातलं पहिलं काम मुगावरचं. काचेच्या बशीत ओला टिपकागद, त्यावर वीस दाणे, वरून कॅडमियम क्लोराइडचं द्रावण. चौथ्या दिवशी साध्या पाण्यातली मुळी बोटभर झाली होती, कॅडमियममधली नखाएवढी, तीही टोकाला तपकिरी. आलेख देखणा आला. पुढं इथं राहुरीलाच शिवारफेरीला आलेल्या एका डाळिंबवाल्याला मी तो कौतुकानं दाखवला. त्यानं नीट पाहिला आणि म्हणाला, "सर, हे कॅडमियम आमच्या वावरात कुठून यायचं? आमच्याकडं मोरचूद आहे."

मला उत्तर सुचलं नाही. कॅडमियम आम्ही उसनं आणलं होतं. जपानमध्ये जिंत्सू नदीच्या खोऱ्यात खाणीचं पाणी भातशेतीत शिरलं, भातातून कॅडमियम माणसांच्या हाडांपर्यंत पोचलं, आणि 1968 साली तिथल्या सरकारनं ते अधिकृतपणे मान्य केलं. जगभर अभ्यास झाला तो रास्तच होता. पण आमच्या बशीत तो धातू आला, तो आधीच्या शोधनिबंधात होता म्हणून. सीना नदीकाठच्या सांडपाण्यावरच्या रानांत किंवा वर्षानुवर्षं सुपर फॉस्फेट खाल्लेल्या जमिनीत त्याचा शोध जरूर घ्यावा. आज मात्र मी मोरचुदाचंच बोलणार आहे.

राहाता, संगमनेर, पारनेर, पाथर्डी या भागांतल्या डाळिंबवाल्यांना मोरचूद-चुन्याचं बोर्डो मिश्रण शिकवायला नको. चुना कमी पडला का, हे पाहायला ते विळा बुडवतात; पात्यावर तांबूस थर चढला की आणखी चुना. तो तांबूस थर हाच आपला जड धातू. आता जरा बोटं मोडून हिशेब करू. एक टक्का मिश्रणात 100 लिटरला 1 किलो मोरचूद. त्यात चौथा हिस्सा तांबं. एकरी 400 लिटर पाणी धरलं तर एका फवारणीत 1 किलो तांबं. वर्षाला पाच फवारण्या धरल्या तर हेक्टरी साडेबारा किलो, सात वर्षांत साडेसत्त्याऐंशी. युरोपीय संघाची मर्यादा सात वर्षांत हेक्टरी 28 किलो आहे. बोर्डो मिश्रण जगाला देणारा फ्रान्सही त्यातच आला. तांबं कुजत नाही, उडून जात नाही. पानावरून पावसानं उतरतं आणि वरच्या वीतभर मातीत ठाण मांडतं.

तिथं मुळीचं काय होतं? वाढ होते ती टोकाच्या काही मिलिमीटरमध्ये. जादा तांबं तिथल्या पेशींची आवरणं फाडतं, विभाजन रोखतं. टोक थांबलं की मागून बाजूच्या मुळ्या फुटतात, त्याही आखूड, जाड. सगळं मिळून झिजलेल्या खराट्यासारखं दिसतं. केशमुळं जवळपास नाहीतच. लोहाचं शोषण अडतं आणि वर पानांवर केवडा दिसतो. मग दुकानातून हिराकस येतं, 'पांढरी मुळी चालू करणारं' काहीतरी बाटलीतून येतं. बिचारी मुळी कुणी उकरून पाहत नाही.

यावर आपले मृदाशास्त्रज्ञ म्हणतील, आणि मीही वर्गात हेच शिकवलंय, की आपली काळी जमीन चुनखडीची, सामू आठाच्या वर, तांबं ती घट्ट धरून ठेवते. खरं आहे. म्हणून तर बागा उभ्या आहेत. पण माती परीक्षण अहवालातला 8.2 सामू हा अख्ख्या नमुन्याचा असतो, मुळीच्या अंगाला चिकटलेल्या मातीचा नसतो. लोहाला भुकेलेलं डाळिंब किंवा हरभरा मुळीतून आम्ल सोडतो आणि तेवढ्या पापुद्र्यात सामू चांगला खाली आणतो. लोह मिळवायला दार उघडायचं आणि त्याच दारातून तांबं आत यायचं, अशी गंमत. आणि अहवाल? 0.2 पीपीएमच्या वर तांबं गेलं की माझ्या पाहण्यातल्या अहवालांत शेरा एकच: पुरेसे. 2 असो की 20. कमतरता मोजायला शिकलेली आपली पिढी. जास्तीसाठी आपण रकानाच ठेवला नाही.

त्यात तेल्या आणि मर रोगानं डाळिंबाच्या कित्येक बागा निघाल्या, त्या जागी कांदा आला. डाळिंबाची मुळं निदान खोल जाऊन सुटका करून घेत होती. कांद्याची मुळं वरच्या वीतभरातच, म्हणजे नेमकी तांब्याच्या घरात. म्हणून तरुण संशोधकांकडं माझं मागणं आहे: बशी थोडे दिवस बाजूला ठेवा, अशी पाच-दहा रानं निवडा आणि कांदा महिन्याचा झाला की जा. रोप उपटू नका. उपटलं की टोकं मातीतच तुटून राहतात, आणि आपल्याला हवी असतात ती टोकंच. खुरप्यानं चहूबाजूंनी ढेकूळ मोकळं करा, बादलीत रात्रभर भिजू द्या, सकाळी पांढऱ्या थाळीत अलगद धुवा.


थाळी पांढरीच घ्या. स्टीलच्या ताटात तपकिरी टोक दिसत नाही. माझा एक अख्खा हंगाम त्यात गेला आहे.