शस्त्रक्रियेनंतरचे पोषण : उपचाराचा दुर्लक्षित टप्पा

जठराच्या कर्करोगावरील शस्त्रक्रियेसाठी बिहार, उत्तर प्रदेशातून अनेक रुग्ण दिल्लीतील 'एम्स'मध्ये, तसेच तिच्याच झज्जर येथील राष्ट्रीय कर्करोग संस्थेत येतात. शस्त्रक्रिया होते, रुग्ण गावी परततो आणि उपचाराचा सर्वांत दीर्घ टप्पा तेथून सुरू होतो.

'ब-१२' जीवनसत्त्वाच्या शोषणासाठी आवश्यक असलेला घटक जठरात तयार होतो. संपूर्ण जठर काढल्यास हे जीवनसत्त्व आयुष्यभर, बहुधा इंजेक्शनाद्वारे, द्यावे लागते. लोह व कॅल्शियमचीही जोड अनेकदा लागते. मात्र यकृतातील 'ब-१२'चा साठा काही वर्षे पुरतो. त्यामुळे मात्रा चुकली तरी त्रास लगेच जाणवत नाही. जाणवतो तेव्हा रक्तक्षय झालेला असतो, कधी मज्जातंतूंची कायमची हानीही. खर्च आजचा आणि लाभ दूरचा, म्हणूनच सातत्य तुटते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २००३ च्या अहवालानुसार विकसित देशांतही दीर्घकालीन आजारांत उपचारपालनाचे प्रमाण सरासरी ५० टक्केच आहे. आपल्याकडे इंजेक्शनापेक्षा प्रवास आणि बुडालेली मजुरीच महाग पडते. २०१८ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री जन आरोग्य योजनेत पात्र कुटुंबास वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण आहे. परंतु रुग्णालयातून घरी गेल्यानंतरचा खर्च १५ दिवसांपुरताच मिळतो.

पंधरा दिवस आणि उरलेले आयुष्य यांतील अंतर गावाजवळचे प्राथमिक आरोग्य केंद्रच भरून काढू शकते. तेथे इंजेक्शन मिळावे आणि पुढील तारखेची नोंद आशा कार्यकर्तीकडे असावी. अन्यथा शस्त्रक्रियेवर झालेला सार्वजनिक खर्च अल्पशा औषधाअभावी निष्फळ ठरेल.