उदरातील ठोके

प्राचीन ज्योतिर्विदांनी उज्जयिनीला कालगणनेचे मध्यस्थान मानले होते. त्याच नगरीत, रेल्वे स्टेशनाजवळच्या देवास गेटवर एखादी गर्भवती स्त्री बसगाडीतून उतरते, तेव्हा तिची कालगणना निराळीच असते. महिन्यांच्या मानाने पोट लहान दिसते, असे नर्सबाईंनी सांगितलेले असते. घराण्यात मुले लहानच निपजतात, असे सासूबाईंचे म्हणणे असते. श्रोतेहो, यांपैकी खरे काय, हे नुसते पाहून कळत नाही.

लहान असणे वेगळे आणि वाढ खुंटणे वेगळे. वारेतून येणारा रक्तपुरवठा अपुरा पडला, की गर्भ काटकसर करू लागतो. तो मेंदूकडे अधिक रक्त वळवतो. अंगाची वाढ मंदावते, पुढे हालचालही कमी होते. त्याचे हे हाल बाहेर कळवणारा एक निरोप्या म्हणजे हृदयाचे ठोके. फ्रेंच वैद्य केर्गारादेक यांनी 1821 साली मातेच्या पोटाला स्टेथोस्कोप लावून ते ऐकल्याचे जाहीर केले. आज यंत्र त्यांची रेघ कागदावर उमटवते.

मिनिटाला 110 ते 160 ठोके ही साधारण मर्यादा होय. परंतु नुसता आकडा पुरेसा नाही. निरोगी गर्भाच्या ठोक्यांची गती क्षणोक्षणी किंचित बदलते, आणि तो हलला की वाढते. हा चढउतार लोपला किंवा ठोके वारंवार मंदावू लागले, तर प्राणवायूची उणीव संभवते. मात्र निजलेल्या बाळाची रेघही काही वेळ सपाट दिसते. म्हणून नोंद अधिक वेळ घ्यावी लागते.

शिवाय चांगली रेघ आजपुरते आश्वासन देते, पुढच्या महिन्याचे नव्हे. म्हणूनच नाळेतील रक्तप्रवाहाची डॉप्लर तपासणी जोडीला हवी. खरा पेच पुढेच आहे. बाळ लवकर बाहेर काढावे, तर फुफ्फुसे अपक्व. थांबावे, तर पोटातच दगावण्याचे भय. युरोपातील 20 केंद्रांत 503 स्त्रियांवर झालेल्या आणि 2015 साली प्रसिद्ध झालेल्या ट्रफल अभ्यासाने हाच प्रश्न तपासला. 32 आठवड्यांपूर्वी, काटेकोर पहारा ठेवून काही काळ थांबणे हिताचे ठरू शकते, असे त्यातून दिसले. मात्र तो पहारा अखंड हवा.

त्या पहाऱ्यातील पहिली पहारेकरीण माताच. बाळाची नेहमीची हालचाल मंदावली, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता तिने त्याच दिवशी दवाखाना गाठावा. आणि घरच्यांनी कारण न विचारता तिच्यासोबत निघावे.