किळस हा पुरावा नव्हे



प्राण्याच्या पेशी पोषक द्रवात वाढवून आता मांस तयार करितात. २०२० साली सिंगापूरने अशा कोंबडीच्या मांसाच्या विक्रीस परवानगी दिली. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत ऑस्ट्रेलियातील २२७ तरुणांपैकी ७२ टक्के तरुण ते स्वीकारावयास तयार नव्हते. प्राण्यांचे हाल त्यांतील अनेकांना नको होते. तरीही किळस आड आली.

हे मांस खावे की न खावे, हे ज्याचे त्याने ठरवावे. परंतु किळस हा पुरावा नव्हे. अन्नावरून माणसास हीन लेखणारी किळस आपण पिढ्यान्‌पिढ्या सोसली आहे. म्हणून आपल्या मुलांना सांगा : ते सुरक्षित आहे काय, ते कोणी तपासले, गरिबास परवडेल काय, हे आधी विचारा, मगच होकार वा नकार द्या.