टेरियर कुत्र्याचा सहवास



जुन्या ग्रामोफोनच्या तबकडीवर, कर्ण्यापुढें मान कलती करून बसलेला कुत्रा आपणांपैकीं अनेकांनीं पाहिला असेल. त्याचें नांव निपर. टेरियर कुळांतला हा कुत्रा १८८४ मध्यें इंग्लंडांतील ब्रिस्टल येथें जन्मला. पाहुण्यांच्या पोटऱ्यांना चावा घेण्याच्या खोडीवरून त्याला हें नांव पडलें, असें सांगतात. त्याच्या मृत्यूनंतर फ्रान्सिस बॅरॉड या चित्रकारानें काढलेल्या त्या चित्रांत तो अगदीं स्तब्ध आहे. टेरियर इतका स्वस्थ बसलेला बहुधा चित्रांतच सांपडावयाचा!

टेरियर हें नांव 'जमीन' या अर्थाच्या लॅटिन शब्दापासून आलें आहे. बिळांत शिरून कोल्ह्याला बाहेर पिटाळणें, हा त्याच्या पूर्वजांचा धंदा. डेव्हन परगण्यांत जॉन रसेल (१७९५–१८८३) नांवाचे पाद्री होऊन गेले. धर्मोपदेशाइतकीच त्यांना शिकारीची आवड होती. ऑक्सफर्ड येथें शिकत असतां त्यांनीं एका गवळ्याकडून ट्रंप नांवाची, पांढऱ्या अंगावर तांबूस ठिपके असलेली कुत्री विकत घेतली. तिच्यापासून त्यांनीं वाढविलेल्या वंशाला पुढें जॅक रसेल टेरियर हें नांव मिळालें.

या कुत्र्याकडून अपेक्षा तरी कोणत्या होत्या? त्यानें घोड्यांबरोबर मैलोगणती धांवावें. अंधाऱ्या बिळांत एकट्यानें शिरावें. तेथें मालकाची आज्ञा पोंचत नाहीं, म्हणून स्वतःच्या बुद्धीनें वागावें. आणि आपण कोठें आहोंत हें वरच्या माणसांस कळावें, म्हणून एकसारखें भुंकावें!

आतां हाच प्राणी शहरांतील दोन खोल्यांत आणून ठेवा. तो कुंड्यांतील माती उकरतो, जिन्यावर पाऊल वाजतांच भुंकतो, आणि खार दिसली कीं हांकेला ओ देत नाहीं. शेजारी कुरकुरतात, मालक हात उगारतो. परंतु ज्यांना आपण खोडी म्हणतों, त्या गुणांसाठींच पिढ्यान् पिढ्या त्याच्या पूर्वजांची निवड झाली. इंग्लंड व वेल्समध्यें कुत्र्यांच्या टोळ्या घेऊन कोल्ह्याची शिकार करणें २००४ च्या कायद्यानें बंद झालें. पण कायद्यानें धंदा थांबतो, रक्तांतली हौस थांबत नाहीं.

म्हणून शिक्षेपेक्षां काम देणें हाच खरा उपाय. सकाळ-संध्याकाळ त्याला भरपूर हिंडवावें. उन्हाळ्यांत मात्र डांबरी रस्त्यावर आधीं आपला तळहात ठेवून पाहावा. रहदारींत गळ्यांतला पट्टा कधींच सोडूं नये. खाऊचे तुकडे घरांत लपवून ते हुंगून शोधावयास लावावें. उकरण्यासाठीं एक वाळूची पेटी द्यावी. शिकवणी पांच-दहा मिनिटांचीच, पण रोज असावी. आणि शहाणपणानें वागल्यास लगेच बक्षीस मिळावें. स्वस्थ पडणें हेंही त्याला शिकवावें लागतें. नाहीं तर पिलूं दमतें, पण झोंपत नाहीं, आणि हट्टी मुलासारखें अधिकच उधळतें. घरांत पाळलेले पक्षी किंवा ससे असल्यास त्यांच्याजवळ त्याला एकटें ठेवूं नये.

उंचीनें फूट-सव्वा फुटाचा हा जीव तेरा-चौदा वर्षें सहज जगतो. आकार लहान, म्हणून गरजही लहान, अशा समजुतीनें आणलेलें पिलूं वर्षभरांत नकोसें होतें. मग तें या दारचें त्या दारीं जातें, नाहीं तर रस्त्यावर येतें. अपराध त्याचा नसतो, पण शिक्षा त्यालाच होते. तेव्हां असा कुत्रा आणण्यापूर्वीं आपल्या घरांत त्याच्यासाठीं जागा आहे का, एवढेंच पाहूं नका. आपल्या दिवसांत ती आहे का, हें विचारा. असेल, तर याच्याइतका धीट, विनोदी आणि निष्ठावंत सोबती मिळणें कठीण. नसेल, तर त्याला न आणणें हीच त्याच्यावरील खरी दया होय.