सदाफुलीच्या पानातले रहस्य

बालमित्रहो, सदाफुली कोणाला ठाऊक नाही? अंगणात, कुंपणाशी, भिंतीच्या फटीतसुद्धा ती उगवते आणि बाराही महिने फुलते. म्हणूनच मराठीत ती सदाफुली, तर हिंदीत सदाबहार. बंगालीत तिला नयनतारा म्हणतात आणि तमिळमध्ये नित्यकल्याणी. इतकी नावे मिळालेली ही वनस्पती मूळची भारतातलीच असावी असे कोणालाही वाटेल. परंतु तिचे खरे माहेर आफ्रिकेच्या पूर्वेस असलेले मादागास्कर बेट होय. तेथून माणसाच्या सोबतीने ती सर्व उष्ण प्रदेशांत पोहोचली.

तिचे फूल नीट न्याहाळा. पाच पाकळ्या भिंगरीच्या पात्यांसारख्या मांडलेल्या असतात. कळीमध्ये त्या एकमेकींभोवती पिळलेल्या दिसतात. मधोमध जे इवलेसे छिद्र आहे, ते एका अरुंद नळीचे तोंड. मध असतो त्या नळीच्या तळाशी. तो चाखायचा तर सोंड लांब हवी. म्हणून या फुलाचे खरे पाहुणे म्हणजे फुलपाखरे आणि पतंग.

पाने मात्र कडू असतात. या वनस्पतीत शंभराहून अधिक अल्कलॉइडे, म्हणजे बहुधा कडू व विषारी अशी रसायने, आढळतात. गुरे सहसा तिला तोंड लावत नाहीत, यात नवल नाही.

याच कडू पानांची एक हकिकत आहे. जमैका बेटावरील लोक मधुमेहावर या पानांचा काढा घेत असत. १९५२ साली तेथील थोडी पाने पाकिटातून कॅनडात रॉबर्ट नोबल या शास्त्रज्ञाकडे पोहोचली. पानांचा अर्क दिल्याने उंदरांच्या रक्तातील साखर कमी होते का, हे त्यांना पाहायचे होते. साखर काही उतरली नाही. मात्र अर्क टोचलेले उंदीर जंतुसंसर्गाने मरू लागले. शोध घेता त्यांच्या रक्तातील पांढऱ्या पेशी घटल्याचे आढळले. रक्ताच्या कर्करोगात तर याच पेशी बेसुमार वाढतात! मग नोबल आणि त्यांचे सहकारी चार्ल्स बीअर यांनी या अर्कातून व्हिनब्लास्टिन हे द्रव्य वेगळे केले व १९५८ साली ते जाहीर केले. पुढे याच वनस्पतीतून व्हिनक्रिस्टिन मिळाले. एका पेशीच्या दोन होताना आत जे सूक्ष्म तंतू विणले जातात, ते ही द्रव्ये विणू देत नाहीत. त्यामुळे पेशींची वाढ खुंटते.

त्या काळी रक्ताचा कर्करोग झालेली बहुतेक मुले थोड्याच महिन्यांत दगावत. आज जेथे उपचारांची चांगली सोय आहे, तेथे अशा शंभर मुलांपैकी सुमारे नव्वद वाचतात. हे अनेक औषधांच्या एकत्रित उपचाराचे यश आहे आणि त्यांत व्हिनक्रिस्टिनचा वाटा मोठा आहे. शेकडो किलो वाळलेल्या पानांतून ही द्रव्ये जेमतेम काही ग्रॅम मिळतात. म्हणूनच २०२२ साली शास्त्रज्ञांनी यीस्टकडून व्हिनब्लास्टिनचे घटक तयार करवून घेतले, तेव्हा ती मोठी बातमी ठरली.

एक गोष्ट मात्र पक्की ध्यानात ठेवा. जे द्रव्य वैद्याच्या हाती, मोजून दिले असता औषध ठरते, तेच एरवी विष असते. म्हणून सदाफुलीचे पान कधीही चघळू नका. फूल मात्र हातात घेऊन जरूर पाहा, आणि काय दिसले ते वहीत टिपून ठेवा. कॅनडातल्या त्या प्रयोगात अपेक्षित उत्तर मिळाले नाही. परंतु जे दिसले ते शास्त्रज्ञांनी टिपून ठेवले, म्हणूनच पुढे इतकी मुले वाचली.