हजेरीचा दर आणि हातात पडणारा पगार

(सुरतच्या उधना भागात मराठी भाषक कामगार व त्यांच्या कुटुंबांसाठी झालेल्या बचत मेळाव्यातील भाषणाचा मजकूर)

समोर बसलेल्यांपैकी बरेच जण धुळे, नंदुरबार, जळगावकडचे आहेत. कोणी डाइंग मिलमध्ये, कोणी एम्ब्रॉयडरीच्या मशीनवर, तर कोणी मार्केटमध्ये पार्सल बांधायला. मी सुरुवात माझ्या एका चुकीपासून करतो.

काही वर्षांपूर्वी एका शाखेत मी कर्ज विभागात होतो. डाइंग मिलमधले एक भाऊ घरकर्जासाठी आले. मी त्यांच्या खात्याचे शेवटचे तीन महिने पाहिले. प्रत्येक महिन्याला बावीस हजारांच्या आसपास जमा. नऊ लाखांचे कर्ज, वीस वर्षे, नऊ टक्के. हप्ता साधारण ८,१०० रुपये. बावीस हजारांत सहज बसतो, असे मी लिहिले आणि फाइल पुढे पाठवली. ते तीन महिने दिवाळीच्या आधीचे होते, हे मला दिसत होते. त्याचा अर्थ मात्र मी लावला नाही.

आता हिशेब पाहा. समजायला सोपे जावे म्हणून आकडे थोडे गोल केले आहेत. त्यांची बारा तासांची हजेरी ६५० रुपयांची. सीझनमध्ये रविवार आणि काही डबल पाळ्या धरून महिन्याला ३४ हजेऱ्या भरल्या, म्हणजे २२,१०० रुपये. साध्या महिन्यात २६ हजेऱ्या, म्हणजे १६,९००. पुढच्या वर्षी बाजार बसला. ग्रे कापड येईना, मिल आठवड्यातून दोन-दोन दिवस बंद. हजेऱ्या राहिल्या १८, म्हणजे ११,७००. हप्ता गेल्यावर घरात उरले ३,६००. आणि गंमत अशी, म्हणजे खरे तर गंमत नाहीच, की त्या सगळ्या काळात त्यांचा दर एक रुपयानेही कमी झाला नव्हता. कोणी विचारले तर ते सांगायचे, “माझा पगार तोच आहे.”

एम.कॉम.ला आम्हाला शिकवले होते की मजुरी सहसा खाली येत नाही. ती चिकट असते. केन्सने १९३६ सालच्या ग्रंथात त्यावर बरेच लिहिले आहे. परीक्षेत मी ते उत्तर चांगले लिहिले होते. पण चिकटतो तो दर. हातात पडणारी रक्कम चिकटत नाही, हे मला त्या भावाच्या पासबुकाने शिकवले.

तेजी येते तेव्हा मालक लगेच दर वाढवत नाही. आधी ओव्हरटाइम देतो, मग रविवारी बोलावतो, मग नव्या कारागिराला उचल देऊन आणतो. सगळ्यात शेवटी, माणसे दुसऱ्या मिलमध्ये जायला लागली, तर दर वाढतो. एकदा वाढवलेला दर परत घेता येत नाही हे त्यालाही ठाऊक असते, म्हणून तो हात आखडता ठेवतो. मंदीत हीच गाडी उलट्या दिशेने जाते. पहिला ओव्हरटाइम जातो, मग एक सुट्टी वाढते, मग नवे कारागीर घरी जातात. दर कागदावर जागच्या जागी.

पण दर जागच्या जागी राहणे हीसुद्धा छुपी कपात असते. ५०० रुपयांची हजेरी तीन वर्षे तशीच राहिली आणि महागाई वर्षाला सहा टक्के असली, तर त्या पाचशेत आधीच्या सुमारे ४२० रुपयांएवढाच बाजार येतो. किमान वेतनात महागाई भत्ता जोडलेला असतो तो याचसाठी. तुमचा दर त्या किमान वेतनाच्या खाली नाही ना, हे एकदा पाहून घ्या.

हिऱ्याच्या कारखान्यात तर नगावर मजुरी. तिथे महिन्याचा पगार असा काही नसतोच. सप्टेंबर २००८ मध्ये अमेरिकेत लेहमन ब्रदर्स बुडाली. अमेरिका ही हिऱ्यांची सगळ्यात मोठी बाजारपेठ, आणि अडचणीच्या वर्षात अंगठी घेणे माणूस पुढे ढकलतो. इथले कितीतरी कारखाने दिवाळीच्या सुट्टीनंतर उघडलेच नाहीत. रत्नकलाकार सौराष्ट्रातल्या आपापल्या गावी गेले होते, तिथेच राहिले. अलीकडच्या मंदीत २०२३ मध्ये उद्योगाने स्वतःच १५ ऑक्टोबर ते १५ डिसेंबर कच्च्या हिऱ्यांची आयात थांबवली. या वेळी नग तर कमी झालेच, नगाचे दर उतरल्याच्याही तक्रारी झाल्या. मार्च २०२५ अखेरीस कारागिरांनी दरवाढीसाठी काम बंद ठेवले. म्हणजे नगाच्या मजुरीत दोन्ही बाजूंनी मार बसू शकतो. घरात कोणी घंटीवर बसत असेल तर त्यांनी हे जास्त ध्यानात घ्यावे.

मग बँकेत काय करायचे?

पासबुकात बारा महिन्यांची जमा बघा. त्यातले सगळ्यात कमी तीन महिने निवडून त्यांची सरासरी काढा. तो तुमचा पगार. कर्जाचा हप्ता त्याच्या तिसऱ्या हिश्शात बसला पाहिजे. त्या भावाच्या बाबतीत तो आकडा ३,९०० आला असता. मी ८,१०० केला. पगार स्लिप मिळत असेल तर पीएफ कोणत्या रकमेवर कापला आहे ते पाहा. त्यात ओव्हरटाइम धरलेला नसतो. काही ठिकाणी ती रक्कम मुद्दाम कमीही दाखवतात, तो वेगळाच विषय. कायद्यानुसार जादा तासांची मजुरी दुप्पट दराने मिळायला हवी. किती जणांना मिळते ते मी इथे हात वर करायला लावून विचारत नाही.

तेजीतल्या जादा पैशाचे काय? त्या हिशेबात सीझनला महिन्याला ५,२०० जास्त येत होते आणि मंदीत नेमके ५,२०० कमी. चार महिन्यांचे जादा पैसे ठेवले असते तर २०,८०० झाले असते, आणि चार वाईट महिने नेहमीच्या १६,९०० वर निघाले असते. ते पैसे मोठ्या हप्त्याच्या आवर्ती ठेवीत अडकवू नका; मंदीत तो हप्ताही चुकतो. आवर्ती ठेव लहान ठेवा आणि सीझनचे पैसे वेगवेगळ्या छोट्या मुदत ठेवींत टाका. गरज पडली तर एकच मोडा, किंवा तिच्यावर कर्ज घ्या. बँक बुडण्याची भीती असेल तर एका बँकेत पाच लाखांपर्यंतच्या ठेवीला विमा आहे. फ्लोटिंग दराचे घरकर्ज असेल तर सीझनला थोडी मुद्दल भरा. वैयक्तिक कर्जदाराला त्यावर बँक दंड लावू शकत नाही.

त्या भावाचे तीन हप्ते थकले. कर्जाची मुदत वाढवून हप्ता कमी करून घ्यायला आम्हाला आणखी दोन महिने लागले. वहिनींनी मधल्या काळात बांगड्या गहाण ठेवल्या होत्या. हे मला नंतर कळले, त्यांनी शाखेत कधी सांगितले नाही. घर राहिले, बांगड्यांचे मी विचारले नाही.

मेळावा संपल्यावर मी पलीकडच्या टेबलावर बसणार आहे. पासबुक आणले असेल तर घेऊन या. दिवाळीपूर्वीचे पान नको, होळीनंतरचे दाखवा.