जुन्या गाडीचे परतीचे बोलावणे

जुन्या व्हॅनचे फिरते घर करून पनवेलहून बोरघाटाकडे निघणारा गृहस्थ चूल, पडदे, बिछाना न्याहाळतो. स्टीअरिंगमधील एअरबॅग त्याच्या ध्यानीही नसते. जपानच्या टकाटा कंपनीने तीत अमोनियम नायट्रेट वापरले होते. वर्षानुवर्षांच्या उष्ण, दमट हवेने ते बिघडते; मग अपघातसमयी धातूची डबीच फुटून तिचे तुकडे चालकास लागतात. आणि पनवेलची हवा तर खाडीकाठची! जगभर अशा कोट्यवधी गाड्या परत बोलावण्यात आल्या. भारतात सक्तीच्या परतबोलावणीचा कायदा १ एप्रिल २०२१ पासून अमलात आला. परंतु त्याची मर्यादा ७ वर्षांच्या आतील गाड्यांपुरती. हा दोष मात्र वयाबरोबरच वाढतो. कारखानदाराने आपण होऊन बोलावल्यास वयाची आडकाठी नसते. पण त्याचे पत्र पुष्कळदा पहिल्या मालकाच्याच दारी पडून राहते. सबब जुनी गाडी घेणाऱ्याने चासी क्रमांक देऊन स्वतःच कंपनीकडे विचारणा करावी. बोलावणे निघालेले असल्यास सदोष भाग सहसा विनामूल्य बदलून मिळतो.